बाद पद्धतीची सांघिक बुद्धिबळ स्पर्धा : नियम आणि न्याय यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

आंतरमहाविद्यालयीन अथवा तालुका पातळीवरील सांघिक बुद्धिबळ स्पर्धा भरविताना संयोजकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पद्धतीचा. ११ संघ आले तर साखळी पद्धतीने ५५ सामने घ्यावे लागतात. बाद पद्धतीने अवघे १०. एक सभागृह, दोन दिवस आणि मोजके पंच एवढेच हाताशी असताना निवड जवळजवळ ठरलेलीच असते. मात्र साखळी पद्धतीत एका सामन्यात झालेला अन्याय पुढच्या सामन्यात काही अंशी भरून निघतो. बाद पद्धतीत तो कायमचा ठरतो. म्हणूनच या पद्धतीचा इतिहास हा मुख्यतः नियमांचा, आणि नियम अपुरे पडल्याचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१८५१ चा अनुभव

बुद्धिबळाची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा १८५१ मध्ये लंडन येथे, तेथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली. हॉवर्ड स्टाँटन हे तिचे प्रमुख संयोजक होते आणि स्पर्धकही होते. १६ खेळाडू, बाद पद्धत, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या जोड्या आणि पहिल्या फेरीत केवळ तीन डावांचा सामना, असे तिचे स्वरूप होते. मानांकनाची कल्पना नसल्याने अॅडॉल्फ अँडरसन आणि लायोनेल किझेरित्स्की हे दोन मातब्बर पहिल्याच फेरीत समोरासमोर आले व किझेरित्स्की बाहेर पडले. लोवेन्थाल आणि बर्ड यांचीही तीच गत झाली. (याच काळात लंडनमध्ये अँडरसन यांनी किझेरित्स्कींविरुद्ध स्पर्धेबाहेर खेळलेला डाव ‘अमर डाव’ म्हणून प्रसिद्ध पावला. पराभूताच्या वाट्याला इतकी कीर्ती क्वचितच येते.) अँडरसन विजेते ठरले, त्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. परंतु दुसऱ्या क्रमांकावर आलेले मार्माड्यूक वाइव्हिल हे खरोखरच दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू होते काय, हा प्रश्न उरला. बाद पद्धत विजेता शोधते. उर्वरितांची प्रतवारी ती करीत नाही. १८६२ च्या लंडन स्पर्धेत साखळी पद्धत स्वीकारली गेली, यात नवल नाही.

पुढे १९२७ मध्ये त्याच लंडन शहरात राष्ट्रसंघांचे पहिले ऑलिंपियाड भरले. योगायोगाने तेथेही संख्या १६ च होती. परंतु या वेळी १६ संघ प्रत्येकी चार पटांवर साखळी पद्धतीने खेळले आणि हंगेरीने हॅमिल्टन-रसेल चषक जिंकला. १६ संघांची साखळी म्हणजे १२० सामने. राष्ट्रांना ते परवडले. स्थानिक क्लबांना आणि महाविद्यालयांना ते परवडणारे नव्हते, आजही नाही. त्यामुळे श्रेष्ठींनी टाकून दिलेली बाद पद्धत तळाच्या पातळीवर टिकून राहिली.

पटांचे वजन

सांघिक सामन्यात एक अडचण नव्याने उद्भवते. चार पटांवरील सामना २-२ असा सुटला तर पुढच्या फेरीत कोणी जायचे? इंग्लंडमधील स्थानिक स्पर्धांत यासाठी पटांच्या क्रमांकांची बेरीज करण्याची रीत रूढ झाली. ज्या पटांवर विजय मिळाला त्यांचे क्रमांक मिळवायचे. ज्याची बेरीज कमी तो संघ विजयी. पहिल्या व तिसऱ्या पटावर जिंकलेल्या संघाची बेरीज ४, दुसऱ्या व चौथ्या पटावर जिंकलेल्याची ६. पहिला संघ पुढे जातो. पण एकाने पहिला व चौथा, दुसऱ्याने दुसरा व तिसरा पट जिंकला तर दोन्ही बेरजा ५ होतात. अशा वेळी शेवटच्या पटाचा निकाल वगळतात, आणि दुसरा संघ २-१ ने सरस ठरतो. चारही डाव बरोबरीत सुटले तर मात्र यातला कोणताच नियम उपयोगी पडत नाही. तेथे जलद डाव खेळविणे अथवा चिठ्ठी टाकणे एवढेच उरते.

या गणिताचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. पहिल्या पटाला अधिक वजन मिळाले की खेळाडूंची क्रमवारी हीच एक चाल होऊन बसते. दुर्बल खेळाडूला पहिल्या पटावर ‘बळी’ देऊन खालचे तीन पट जिंकण्याचा मोह होतो. म्हणून बलानुक्रमे यादी आधी सादर करण्याची आणि ती न बदलण्याची अट या नियमाला जोडूनच यावी लागते. एकाविना दुसरा नियम निरर्थक आहे.

२०२० : एकच घटना, दोन निर्णय

नियमांची कसोटी सर्वोच्च पातळीवर लागली ती २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये. अंतिम टप्पा बाद पद्धतीचा होता. सहा पट, त्यांत स्त्रिया व कनिष्ठ खेळाडू यांचा समावेश. भारताचे कर्णधार नाशिकचे विदित गुजराथी होते. उपांत्य लढतीत पोलंडविरुद्ध भारताने पहिला सामना २-४ असा गमावला, दुसरा ४.५-१.५ असा जिंकला, आणि निर्णायक डाव कोनेरू हम्पी यांनी जिंकून दिला. नियम स्पष्ट होता, वाद झाला नाही.

उपांत्यपूर्व लढतीत मात्र आर्मेनियाच्या एका खेळाडूचा इंटरनेट संपर्क तुटून डाव हरला गेला होता. त्यांचे अपील फेटाळले गेले आणि आर्मेनियाने माघार घेतली. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्ट रोजी, रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला व त्यांचे डाव वेळेवर गेले. या वेळी बिघाड जगभर पसरलेला होता. भारताच्या अपिलानंतर फिडेचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

वैयक्तिक बिघाड आणि व्यापक बिघाड यांत फरक आहे, हे मान्य. तरीही आपल्याला सुवर्णपदक मिळाले म्हणून आर्मेनियाचा प्रश्न इतिहासातून पुसता येणार नाही. अंतिम फेरीत पदक वाटून घेता येते. उपांत्यपूर्व फेरीत पुढची जागा वाटून घेता येत नाही. बाद पद्धतीतील उदारता केवळ शेवटच्या सामन्यालाच परवडते.

स्थानिक स्पर्धेत हाच प्रश्न साध्या रूपात येतो. एस.टी. चुकल्याने दूरच्या गावचा संघ अर्ध्या तासाने पोहोचतो. चौथा खेळाडू आजारी पडतो. ११ संघांपैकी पहिल्या फेरीत पुढे चाल मिळणारे पाच संघ कोणते, हे ठरवायचे असते. घड्याळ केव्हा सुरू करायचे, रिकामा पट कोणता धरायचा, बरोबरी कशी फोडायची, याची उत्तरे चिठ्ठ्या टाकण्यापूर्वी पत्रकात छापलेली असली तर पराभूत संघ नियमावर रागावतो. नंतर ठरविली तर तो संयोजक महाविद्यालयावर रागावतो, आणि पुढच्या वर्षी येत नाही.