श्रीवर्धनची सुपारी आणि म्हातारपणीचा मेंदू

अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघालो की नागाव, चौल, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन अशी गावे लागतात. माड आणि पोफळी यांच्या दाट वाड्या ही या गावांची खूण. त्यातही श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी विशेष नावाजलेली. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही येथेच आहे. या भागातल्या घरांत म्हाताऱ्या माणसांच्या हाताशी अडकित्ता दिसला तर त्यात नवल नाही. दात गेले असतील तर विडा खलबत्त्यात कुटून घेतला जातो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : सुपारीने तरतरी येते, डोके ताजे राहते.

दुसरा एक सल्लाही आता सर्वत्र ऐकू येतो. अक्रोड-बदाम खा, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती टिकेल. वरवर पाहता दोन्ही विधाने एकाच जातीची आहेत. एक बी खायचे आणि मेंदूला फायदा व्हायचा. पण ही विधाने तपासायला विज्ञानाला दोन अगदी वेगळ्या वाटांनी जावे लागले. त्या वाटांचा इतिहास आपण पाहू.

बी तेच, साठा वेगळा

अक्रोड, बदाम आणि सुपारी या तिन्हींत आपण जे खातो ते बी असते. बी म्हणजे कोवळ्या रोपासाठी बांधून दिलेली शिदोरी. अक्रोड आणि बदाम यांत ती मुख्यतः तेलाच्या रूपात असते. सुपारीत तेल त्या मानाने कमी, तुरट द्रव्ये भरपूर आणि त्यांच्या जोडीला काही अल्कलॉइडे असतात. अनेक वनस्पतींत अशी द्रव्ये कीटकांपासून व प्राण्यांपासून बचाव करण्याच्या कामी येतात. सुपारीतील अल्कलॉइडांचे प्रमाण शंभरात एक भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, पण आपली गोष्ट त्यांचीच आहे.

वाडीतून प्रयोगशाळेत

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात सुपारीला स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे युरोपातील पशुवैद्य कुत्र्यांच्या पोटातले जंत पाडण्यासाठी सुपारीची पूड वापरू लागले. जंत पडतात ते नेमके कशामुळे, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांपुढे होता. १८८८ साली यान्स या जर्मन रसायनज्ञाने सुपारीतून एक तेलकट द्रव वेगळा केला आणि झाडाच्या ‘अरेका’ या शास्त्रीय नावावरून त्याला अरेकोलिन हे नाव मिळाले. ‘अरेका’ हा शब्दही मूळचा दक्षिण भारतातलाच. मल्याळममधील ‘अडक्का’ पोर्तुगीजांमार्फत युरोपात गेला. सुपारीतील दुसऱ्या एका अल्कलॉइडाला ‘गुवासिन’ म्हणतात. त्यात आपला संस्कृत ‘गुवाक’ लपला आहे.

विड्यात चुना का लावतात, याचेही उत्तर अरेकोलिनच्या रसायनशास्त्रात मिळते. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्या सहवासात अरेकोलिनचे रेणू विद्युतभाररहित होतात आणि तोंडाच्या आतील त्वचेतून रक्तात लवकर शिरतात. काही भागाचे अरेकायडिन या दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते. म्हणजे आजोबांना तरतरी येते ती कल्पनेतली नव्हे.

निरोप्या रेणू

ती तरतरी कशी येते हे कळायला मात्र मज्जासंस्थेचे कोडे आधी सुटावे लागले. १९१४ साली हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलिनच्या परिणामांचे दोन प्रकार दाखवले. एक मस्करिन या कवकातील विषासारखा, दुसरा तंबाखूतील निकोटिनसारखा. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून सिद्ध केले, की चेतातंतू आपला निरोप रासायनिक द्रव्याच्या हाती पाठवतात. ते द्रव्य ॲसिटिलकोलिन असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९३६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. अरेकोलिनचे परिणाम मुख्यतः पहिल्या प्रकारचे. लाळ सुटणे, घाम येणे, आतड्यांची हालचाल वाढणे ही त्याची लक्षणे. निरोप्याच्या जागी हा तोतया कुलपात किल्ली घालतो आणि कुलूप उघडतेही.

१९७६ मध्ये एडिंबरो येथील डेव्हिस आणि मॅलोनी यांनी ॲल्झायमरच्या विकाराने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. ॲसिटिलकोलिन तयार करणारे विकर त्यांत फार कमी झालेले आढळले. मग विचार पुढे गेला : निरोप्या कमी पडत असेल, तर तोतयाकडून काम करून घेता येईल काय?

१९७८ साली अमेरिकेत नटराज सीताराम आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना अरेकोलिनचे मोजून इंजेक्शन दिले आणि शब्दांची यादी पाठ करायला सांगितली. शब्द लवकर पाठ झाले. ज्यांचे पाठांतर मुळात कच्चे होते त्यांना फायदा अधिक दिसला. १९८१ मध्ये ॲल्झायमरच्या रुग्णांना अरेकोलिन शिरेतून देऊन पाहण्यात आले. सुधारणा दिसली, पण थोडी आणि थोड्या वेळापुरती. अरेकोलिन शरीरात फार लवकर नष्ट होते. शिवाय ते मेंदूतील कुलपे उघडते, तशीच पोटातली आणि हृदयातलीही उघडते.

औषध वेगळे, विडा वेगळा

१९९०च्या दशकात रसायनज्ञांनी अरेकोलिनच्या रेणूतील कडे ठेवले, पण सहज तुटणारा भाग काढून तेथे दुसरी रचना बसवली. या नव्या द्रव्याचे नाव झानोमेलिन. ३४३ ॲल्झायमर रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे भ्रम, संशय, अस्वस्थता कमी झाली. मात्र अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडले. पुढे एक साधी युक्ती सुचली. मेंदूत न शिरणारे दुसरे औषध, ट्रॉस्पियम, सोबत द्यायचे, म्हणजे पोटातली कुलपे बंद राहतील आणि मेंदूतली उघडतील. हे जोड-औषध सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र ते छिन्नमनस्कता या विकारासाठी, स्मृतिभ्रंशासाठी नव्हे.

सुपारीतील रेणूपासून मेंदूचे औषध निघाले, तर मग विडा चघळण्यात गैर काय? याचे उत्तर शोधायला मेंदूकडून तोंडाकडे यावे लागते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंडाच्या एका विचित्र विकाराचे वर्णन केले. १९५३ साली मुंबईचे कान-नाक-घसा शल्यचिकित्सक डॉ. एस. जी. जोशी यांनी अशाच रुग्णांबद्दल लिहून या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव रूढ केले. गालांच्या आतील मऊ थराखाली तंतू साचत जातात आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. पुढे याचा संबंध सुपारीशी जोडला गेला आणि काही रुग्णांत त्याचे कर्करोगात रूपांतर होते हेही दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, मानवात कर्करोग निर्माण करणारी ठरवले. सुपारीची सवयही लागते, आणि ती सुटता सुटत नाही.

शिरेतून मोजून दिलेले शुद्ध द्रव्य आणि वर्षानुवर्षे गालात धरलेले खांड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मेंदूवर परिणाम होतो’ आणि ‘मेंदूचे भले होते’ ही विधानेही तितकीच वेगळी.

अक्रोडाची कसोटी

सुपारीचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. अक्रोडाचे तसे नाही. तो खाऊन तरतरी येत नाही. फायदा झालाच तर तो वर्षांनी दिसणार. म्हणून येथे खूप माणसे आणि खूप धीर लागतो.

स्पेनमधील एका मोठ्या आहार-प्रयोगातील बार्सिलोनाच्या ४४७ वयस्कर स्त्रीपुरुषांच्या स्मरणशक्तीची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. भूमध्य सागरी पद्धतीच्या आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट खाणाऱ्यांची स्मरणशक्ती तुलनेच्या गटापेक्षा चांगली टिकली. पण श्रेय कोणाचे, बियांचे की सगळ्या आहाराचे? हे कळण्यासाठी फक्त अक्रोडाचा प्रयोग कॅलिफोर्निया आणि बार्सिलोना येथे झाला. ६३ ते ७९ वयाच्या सुमारे ७०० निरोगी व्यक्ती, दोन वर्षे, एका गटाला रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड, दुसऱ्याला अक्रोड वर्ज्य. २०२० मध्ये निकाल आला : एकंदर बौद्धिक क्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. बार्सिलोनाच्या गटात मात्र थोडा लाभ दिसला. तेथील लोकांचे शिक्षण कमी आणि धूम्रपान अधिक होते. ज्यांचा मेंदू अधिक धोक्यात, त्यांनाच उपयोग होत असेल काय? हा प्रश्न पुढच्या प्रयोगांसाठी उरला.

हे प्रयोग अक्रोड, बदाम आणि हेझलनटवर झाले. त्यांचे निष्कर्ष आपल्या काजूला, शेंगदाण्याला किंवा ओल्या नारळाला परस्पर लावता येत नाहीत. त्यांतील स्निग्ध द्रव्येही वेगवेगळी आहेत. नारळात संपृक्त स्निग्धाम्ले अधिक, अक्रोडात असंपृक्त.

वर्गातला प्रश्न

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. त्यामुळे श्रीवर्धनच्या वर्गात शिक्षकांसमोर बसलेल्या मुलांपैकी काहींच्या घरची चूल याच वाडीवर पेटते. त्यांना ‘सुपारी वाईट’ एवढेच सांगून भागणार नाही, आणि सांगायचे टाळूनही चालणार नाही.

मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे : सुपारी का खाता, बदाम का खाता, काय फरक वाटतो? आलेली उत्तरे फळ्यावर लिहून प्रत्येकापुढे दोन प्रश्न मांडावेत. परिणाम होतो हे कशावरून? आणि तो परिणाम हिताचा हे कशावरून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजोबा स्वतःच्या अनुभवातून देऊ शकतात. दुसऱ्यासाठी जोशींसारख्या डॉक्टरांचे निरीक्षण लागते आणि दोन वर्षे अक्रोड खाणारी किंवा न खाणारी सातशे माणसे लागतात.