सांडलेले पाणी कुठे जाते? छावणी, पालखी आणि चाकांवरचे घर

१/
वाल्ह्याचा मुक्काम आटोपून ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरेच्या काठी येते. दत्तघाटावर पादुकांना स्नान घडते आणि सोहळा सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. पुढे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात आणि मग सोलापूर जिल्हा लागतो. हा क्रम पुष्कळांना तोंडपाठ असतो. या वाटेवरच्या पाण्याचा क्रम मात्र फारसा कोणी पाहत नाही.

२/
नीरा पूर्वेकडे वाहत जाऊन नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते. तीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. लोणंद ते बरड हा सारा टापू नीरेच्या खोऱ्यात मोडतो. वारकरी पायी पंढरीकडे निघतो, तेव्हा त्याने वाटेत सांडलेल्या पाण्याचा उतारही पंढरीकडेच असतो. मागे टाकलेले पाणी त्याला पुढे स्नानाच्या घाटावर पुन्हा भेटू शकते.

३/
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपण्याची सोय, ओटा, शौचालय आणि पाण्याच्या टाक्या असलेले हे चाकांवरचे घर. अशा घरातील मोरीचे पाणी आणि मैलापाणी कुठे रिकामे करावे, हा प्रश्न त्याच्याबरोबर आला. प्रश्न नवा वाटतो, पण सातारा-सांगलीच्या मुलखाने तो फार पूर्वीपासून हाताळलेला आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

४/
आरंभ किल्ल्यापासून करू. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५च्या सुमाराचे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत, एकाच झऱ्यावर विसंबू नये, अशी त्यातील शिकवण प्रसिद्ध आहे. झुंजाच्या वेळी तोफांच्या धक्क्याने झरे आटू शकतात, हे कारणही अमात्य देतात. त्या मानाने त्याच प्रकरणातील केराविषयीची आज्ञा कमी चर्चिली जाते.

५/
गडावर रस्त्यात, बाजारात किंवा तटाशी केर पडू देऊ नये. तो गडाखाली लोटूनही देऊ नये. जागच्या जागी जाळावा आणि राख परसात टाकून भाजीपाला करावा, असा त्या आज्ञेचा आशय आहे. गडाच्या माथ्यावरून घाण खाली ढकलणे सर्वांत सोपे. अमात्य नेमके तेच नाकारतात. जो निर्माण करील त्यानेच आपल्या आवारात तिचा निकाल लावावा, हे तत्त्व येथे राजाज्ञा म्हणून येते. मोरीच्या पाण्यावर आळू आणि केळी वाढवणारे जुने परसही याच विचाराचे.

६/
किल्ला एका जागी असतो, छावणी हलते. हलणाऱ्या माणसाला मागे काय राहिले ते पाहावे लागत नाही, म्हणून त्याला अधिक कडक नियम लागतो. चिपळूण परिसरातील घोडदळाच्या छावणीला शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात पाठवलेले पत्र याची साक्ष देते. दाणावैरण बेताने वापरा, आगीची काळजी घ्या, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असा त्याचा आशय. सैन्य आज आहे, उद्या जाईल. गाव तिथेच राहणार, ही जाणीव त्या पत्राच्या मुळाशी आहे.

७/
पुढच्या काळात छावण्या फिरत्या शहरांएवढ्या झाल्या. थॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर होता. त्याच्या पत्रांतून त्या छावणीची रचना कळते. बिनीवाला पुढे जाऊन जागा हेरी व निशाण रोवी. त्या खुणेवरून सरदारांचे गोट आणि बाजार आपापली नेहमीची जागा घेत. हजारो माणसे रोज नव्या माळावर उतरत, तरी कोण कुठे हे ठरलेले असे.

८/
याच शिंदेशाहीच्या चाकरीत सातारा तालुक्यातील आरफळ गावचे हैबतराव पवार होते. चाकरी सोडून ते आळंदीस आले आणि हैबतबाबा झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि इतर सरंजाम पुरवला. शितोळ्यांचा तो मान आजही चालू आहे.

९/
दिंड्यांचे क्रम, चोपदारांचा दंड, तळावर एकाच वेळी होणारी समाजआरती आणि हरवले-सापडलेल्या वस्तूंची जाहीर वाच्यता: या साऱ्यात छावणीची शिस्त भक्तीच्या सेवेला लागलेली दिसते. दिंडीचा संसारही फिरताच असतो. भांडी, शिधा आणि राहुट्या पूर्वी बैलगाडीतून जात. आता ट्रक आणि पाण्याचा टँकर सोबत असतो. चाकांवरचे घर महाराष्ट्राला नवे नाही. नवीन आहे ती त्यातली शौचालयाची टाकी.

१०/
नदीकाठच्या मुक्कामाला आणखी एक अलिखित कायदा होता. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पिण्याचे पाणी भरायचे, त्याखाली स्नान, त्याहून खाली धुणे, आणि शेवटी जनावरे. जंतूंचे शास्त्र माहीत नसतानाही हा क्रम उपयोगी ठरे, कारण वाहते पाणी वरून खाली जाते एवढे त्यात ओळखलेले होते. त्याची मर्यादाही तिथेच होती. आपल्या मुक्कामाचा शेवटचा घाट हा खालच्या गावाचा पहिला पाणवठा असतो, याचे उत्तर त्या क्रमात नव्हते.

११/
या ‘वर’ आणि ‘खाली’ला एक काळी बाजूही आहे. पाणवठ्याचा क्रम माणसांनाही लावला गेला. कोणी कोणत्या घाटावर पाणी भरावे आणि कोणी पाण्याला शिवूच नये, हे जातीने ठरवले. साताऱ्यात बालपणीचे शिक्षण घेतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिऊन ती मर्यादा मोडली. शुद्धतेच्या नावाने माणूस दूर ठेवणे आणि पाणी खरोखर शुद्ध ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिली काटेकोर पाळली गेली आणि दुसरीकडे दुर्लक्ष झाले.

१२/
त्या दुर्लक्षाची किंमत एकोणिसाव्या शतकात पटकीने वसूल केली. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी आणि पटकीचे रुग्ण यांचा संबंध डॉ. जॉन स्नो यांनी दाखवला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तिचा जंतू ओळखला. दूषित मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला की साथ पसरते, हे आता स्पष्ट झाले. यात्रेत नेमके हेच घडू शकत होते: थोडा काळ, मोठी गर्दी, एकच नदी.

१३/
१८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने भारतातील यात्रांकडे पटकीच्या प्रसाराचे केंद्र म्हणून बोट दाखवले. त्यानंतर यात्रेकरू हा सरकारच्या नजरेत संशयित ठरला. विसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेआधी पटकीची लस सक्तीने टोचली जाऊ लागली. लशीने काही बचाव झाला. पण माणसाला टोचणे सोपे होते. त्याच्या मैल्यासाठी जागा करणे अवघड आणि खर्चाचे होते. ते काम मागे राहिले.

१४/
हे मागे राहिलेले काम एका माणसाने हातात घेतले. गाडगेबाबा पंढरपुरात येत ते खराटा घेऊन. दिवसा वाळवंट झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने, हा त्यांचा नेम. धर्मशाळा उभारण्यामागेही हीच दृष्टी होती. यात्रेकरूला निवारा, पाणी आणि शौचाची सोय दिली, तरच त्याच्याकडून स्वच्छतेची अपेक्षा धरता येते. निव्वळ उपदेशाने नदीकाठ स्वच्छ राहत नाही.

१५/
तरीही यात्रेनंतर पंढरपुरात उरलेला मैला हाताने उचलण्याची पाळी सफाई कामगारांवर येत राहिली. हे कामगार कोणत्या जातींतून येत, हे वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध देशव्यापी कायदा झाला. पंढरपूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि यात्रेसाठी पुरेशी शौचालये उभारण्याचे आदेश निघाले. एकाच्या पुण्ययात्रेचा भार दुसऱ्याच्या डोक्यावरील टोपलीत जात होता, याची दखल कायद्याला घ्यावी लागली.

१६/
२०१५च्या सुमारास ‘निर्मल वारी’ सुरू झाली. मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालये ओळीने उभी राहू लागली आणि ती वापरा असे सांगणारे स्वयंसेवक पहाटेपासून तळावर दिसू लागले. उघड्यावर जाणे कमी होणे हा मोठा बदल होता. मात्र फिरत्या शौचालयाखाली टाकी असते, आणि टाकी भरते. ती रात्री एखाद्या ओढ्यात रिकामी झाली, तर सारा खटाटोप व्यर्थ. म्हणजे प्रश्न पुन्हा मूळ जागी येतो: टाकी कुठे रिकामी करायची?

१७/
या प्रश्नाचे एक चांगले उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. कृष्णाकाठच्या वाई नगरपालिकेने २०१८ मध्ये मैलागाळ प्रक्रिया केंद्र सुरू केले. त्याची क्षमता रोज ७० हजार लिटरची. वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन गावांनी सेप्टिक टाक्या तुंबण्याची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी ठरल्या पाळीने त्या उपसण्याची पद्धत घातली. अशी पद्धत राबवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या शहरांत त्यांची गणना होते. त्यासाठी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे तांत्रिक साहाय्य होते. केंद्रात गाळातील पाणी वेगळे काढून शुद्ध करतात आणि घन भागावर वाळवून, उष्णता देऊन प्रक्रिया करतात.

१८/
वाईचे महत्त्व नकाशावर कळते. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा धोमच्या जलाशयातून वाईत येते. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. सांगली शहर पिण्यासाठी याच कृष्णेचे पाणी उचलते. वाईने जे अडवले नाही, ते साताऱ्याच्या आणि कराडच्या वाट्याचे घेऊन सांगलीकडे जाते. सांगलीचा स्वतःचा शेरीनाला वर्षानुवर्षे कृष्णेत मिसळत आला, आणि त्याचा त्रास तिथल्या व खालच्या गावांनी सोसला. नदीवर प्रत्येक गाव कुणाच्या तरी खाली आणि कुणाच्या तरी वर असते.

१९/
आता चाकांवरच्या घराकडे वळू. त्यातील पाणी दोन प्रकारचे. ओटा आणि न्हाणीचे सांडपाणी, आणि शौचालयाचे मैलापाणी. पहिल्यात साबण, तेल आणि अन्नाचे कण असतात. ते ओढ्यात गेले की कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात आणि मासे गुदमरतात. दुसऱ्यात रोगजंतू असतात. शिवाय फिरत्या शौचालयात दुर्गंधी मारण्यासाठी घालतात त्या काही औषधांनी सेप्टिक टाकीतील उपयुक्त जिवाणूही मरू शकतात. म्हणून मैलापाणी कुणाच्याही टाकीत न विचारता ओतणे हा उपाय नव्हे.

२०/
म्हणून नियम सोपे आहेत. मैलापाणी अधिकृत प्रक्रिया केंद्रात किंवा त्याची सोय असलेल्या तळावरच रिकामे करावे, तेही आधी विचारून. न्हाणी-ओट्याचे पाणीही टाकीत साठवावे. सोय नसेल तेव्हा यजमानाच्या परवानगीने, खरकटे गाळून, शोषखड्ड्यात सोडावे. ओढा, विहीर, पाट आणि जलाशयाचा काठ कटाक्षाने टाळावा. भांडी नदीत उतरून घासू नयेत. निघण्यापूर्वी नळ्यांची तोंडे घट्ट बंद आहेत का ते पाहावे, कारण घाटात ठिबकणारी टाकी वाटेवरच्या प्रत्येक झऱ्याला स्पर्श करत जाते.

२१/
हे नियम परदेशी पुस्तिकेतून आल्यासारखे वाटतात. पण घाण गडाखाली लोटू नये हे अमात्यांनी सांगितले, रयतेला छावणीची झळ लागू नये हे महाराजांनी बजावले, आणि हजारोंचा तळ शिस्तीने उतरू शकतो हे आरफळच्या हैबतबाबांनी दाखवले. इतिहासाने बाकी ठेवले ते एकच काम: टाकी रिकामी करण्याची हक्काची जागा. ती नसेल तेव्हा भल्या माणसाचाही हात ओढ्याकडे वळतो, आणि मग ती घाण उपसायला दुसराच कोणी तरी उतरवला जातो.

२२/
आषाढात पादुका नीरेत स्नान करतात. त्या पाण्याला पंढरीची वाट माहीत आहे. त्याला चोपदार लागत नाही. त्याच्यासोबत काय पाठवायचे, एवढेच माणसाच्या हाती असते.

(धागा समाप्त)