परदेशी मिशन सहल: सुरक्षिततेची तयारी

नाशिकच्या शरणपूर येथील मिशनमध्ये गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले शिकत असत. त्यांतील 9 जण 1866 मध्ये मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्यासोबत आफ्रिकेला गेले. जानेवारी 1867 मध्ये वाटेत दोन हमाल पळाले. औषधांची पेटी नेमकी त्यांच्याच ओझ्यात होती, त्यामुळे क्विनाइनसह सगळी औषधे गेली. आपल्याला जणू मृत्युदंडच मिळाला, अशा अर्थाची नोंद लिव्हिंग्स्टन यांनी केली. पुढे अनेकदा आजारी पडून 1873 मध्ये आजच्या झांबियात त्यांचे निधन झाले.

म्हणून औषधे एकाच बॅगेत ठेवू नयेत. निम्मी हातातल्या सामानात, निम्मी सोबत्याकडे, दोन्हीकडे डॉक्टरांची चिठ्ठी.

केनियासारख्या देशात जाताना पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्राशिवाय परतल्यास भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस मलेरियावर चालत नाही (हा गैरसमज बराच आढळतो). त्याच्या प्रतिबंधक गोळ्या वेगळ्या, काही तर परतल्यावरही 4 आठवडे घ्याव्या लागतात. गोळ्या घेऊनही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे, आणि प्रवास कुठे झाला हे नाशिकच्या डॉक्टरांनाही सांगावे.

व्हिसाकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. अनेक देशांत पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. कामाचे खरे स्वरूप वकिलातीला आधीच सांगावे, आणि पासपोर्टची प्रत घरीही ठेवावी.