जीवशास्त्रीय माहितीची ऑनलाइन पारख

जीवशास्त्रीय माहितीची ऑनलाइन पारख : आंतरजालावर सापडलेले जीवशास्त्रीय विधान कोणी केले, कोणी तपासले आणि आज ते कितपत टिकून आहे, हे पाहण्याची रीत.

शोध पुष्कळदा नावापाशीच अडतो. धामण हा साप, तसेच धामण हे झाडही. सापासाठी ‘टायास म्युकोसा’, झाडासाठी ‘ग्रेविया टिलिफोलिया’ असे शास्त्रीय नाव घातले की घोळ मिटतो.

पुढचा मुक्काम बहुधा पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या या शोधसूचीत तीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. ‘पबमेडवर आहे’ हे वाक्य वादात शिक्क्यासारखे आपटले जाते. पण सूची निबंधाचा ठावठिकाणा सांगते, त्याच्या खरेपणाची हमी देत नाही. प्रथिनांच्या युनिप्रॉट कोशाने हा भेद उघडच ठेवला आहे : स्विस-प्रॉट विभागातील नोंदी तज्ज्ञांनी तपासलेल्या, ट्रेम्बलमधील संगणकाने भरलेल्या.

समीक्षेपूर्वी खुले होणारे मसुदे, म्हणजे प्रीप्रिंट, अधिक जपून वाचावे लागतात. ३१ जानेवारी २०२० रोजी बायोआर्काइव्हवर दिल्लीतील संशोधकांचा एक मसुदा आला. नव्या करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनातील चार तुकडे एचआयव्हीशी विलक्षण जुळतात, असा त्याचा दावा होता. विषाणू ‘बनवलेला’ असल्याची आवई लगेच उठली. वास्तविक ते तुकडे जेमतेम सहा ते बारा अमिनो आम्लांचे होते. एवढे छोटे क्रम असंख्य जीवांत सापडतात, आणि हे ब्लास्ट या मोफत साधनात तुकडा टाकून कोणालाही पाहता येत होते. दोनच दिवसांत लेखकांनी मसुदा मागे घेतला. आवई मात्र पुढे चालूच राहिली.

छापून आले म्हणून समीक्षा झालीच, असेही नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार मोठा आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मधून विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य यादीच पारखली. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या, त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली.

निबंध मागे घेतला आहे का, हे रिट्रॅक्शन वॉचच्या विदागारात कळते. पण तेवढ्याने भागत नाही. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातला जीवाणू डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, हा डिसेंबर २०१० मधला ‘सायन्स’मधील निबंध थेट जुलै २०२५ मध्ये मागे घेण्यात आला, तोही लेखकांची हरकत असताना. तोवर केवळ ‘मागे घेतला का?’ एवढेच विचारणाऱ्याला तो शाबूत दिसला असता. त्याच नियतकालिकात २०१२ मध्ये आलेले खंडनाचे दोन निबंध ज्याने उघडले, त्याला नाही.