ओकलंडच्या पुंडांचा म्होरक्या

ज्यानें कायदा झुगारला त्याला नियमांचें वावडें असावयाचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कॅलिफोर्नियांतील 'हेल्स एंजल्स', म्हणजे नरकाचे देवदूत, या मोटारसायकलस्वारांच्या संघाचा म्होरक्या राल्फ ह्यूबर्ट बार्जर ऊर्फ 'सनी' याचें चरित्र मात्र निराळेंच कांहीं सांगतें.

१९३८ सालीं मॉडेस्टो येथें तो जन्मला. चार महिन्यांचें मूल टाकून आई निघून गेली, बाप मद्यपी. आजी आणि थोरली बहीण यांनीं त्याला ओकलंडमध्यें वाढविलें. सोळाव्या वर्षीं जन्माच्या बनावट दाखल्यावर तो लष्करांत शिरला, आणि खरें वय उघडकीस येतांच चौदा महिन्यांनीं घरीं आला. शाळेंत शिक्षकांवर हात टाकणारा हा पोर लष्करी शिस्तींत मात्र रमला होता!

१९४७ च्या जुलैंत हॉलिस्टर गांवीं मोटारसायकलस्वारांच्या मेळाव्यांत दंगा झाला होता. वृत्तपत्रांनीं तो फुगवून सांगितला आणि महायुद्धाहून परतलेल्या बेचैन तरुणांच्या टोळ्यांना पुंड हें नांव चिकटलें. पुढील वर्षीं सॅन बर्नार्डिनोच्या बाजूस पहिले 'एंजल्स' निघाले. १९५७ सालीं बार्जरनें ओकलंडला त्याच नांवाची टोळी उभी केली, तेव्हां अशा आणखी टोळ्या आहेत याचा त्याला पत्ताही नव्हता. त्या सर्वांना एका सूत्रांत ओवण्याचें काम पुढें त्यानेंच केलें. पाठीवर पंखवाली कवटी मिरविणाऱ्या या मंडळींचे नियम लेखी होते. विनाकारण सभा चुकविली तर दंड, आपसांत मारामारी केली तर दंड. सहलीच्या शेकोटींत जिवंत काडतुसें टाकूं नयेत असाही एक नियम होता. त्यावरून सभासदांची कल्पना यावी.

१९६५ सालीं युद्धविरोधी मिरवणुकीवर या मंडळींनीं हल्ला चढविला. लागलीच बार्जरनें राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना लिहून व्हिएतनाममध्यें शत्रूच्या पिछाडीस लढण्यासाठीं आपले स्वार देऊं केले. सरकारशीं उभा दावा असलेल्या माणसाची ही देशभक्ति!

६ डिसेंबर १९६९ रोजीं ऑल्टामाँट येथें 'रोलिंग स्टोन्स' या गायकमंडळींचा विनामूल्य जलसा झाला. व्यासपीठाजवळ 'एंजल्स'ना बसविण्यांत आलें. मोबदला पांचशें डॉलरांची बीर. गर्दी लोटली, लाठ्या चालल्या, आणि मेरेडिथ हंटर नांवाचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णी तरुण एका एंजलच्या सुऱ्यानें ठार झाला. त्यानें पिस्तूल उपसलें होतें, म्हणून आरोपी आत्मसंरक्षणाच्या सबबीवर निर्दोष सुटला. दुसऱ्याच दिवशीं बार्जरनें सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नभोवाणी केंद्रावर दूरध्वनीनें बोलून दोष गायकांच्या माथीं मारला, आणि आपल्या गाडीला लाथ मारणाऱ्याची गय केली नाहीं असेंही ऐकविलें. हंटरच्या थडग्यावर २००८ पर्यंत नांवाचा दगडही नव्हता.

मादक द्रव्यांच्या गुन्ह्यांत बार्जर १९७३ पासून १९७७ पर्यंत तुरुंगांत होता. खरी झुंज त्यानंतरची. संघटित गुन्हेगारीविरुद्ध १९७० सालीं झालेल्या कायद्याखालीं सरकारनें १९७९ सालीं त्याच्यावर व त्याच्या साथीदारांवर खटला भरला. सभासदांनीं गुन्हे केले एवढें दाखवून तेथें भागणार नव्हतें. ते संघाच्या धोरणानें झाले हें शाबीत व्हावयास हवें होतें. बचावाचें म्हणणें असें कीं, ज्याचें पाप त्याच्या माथीं, संघाशीं त्याचा संबंध नाहीं. ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. १९८१ सालीं पुन्हां तेंच घडलें. गैरहजेरीची नोंद ठेवणाऱ्या संघाला आपले सभासद काय विकतात याची वार्ता नसावी, हें मनाला पटत नाहीं. परंतु मनाला न पटणें आणि न्यायालयांत शाबीत होणें यांत अंतर आहे, आणि त्या अंतरावरच बार्जर निभावला. ज्या व्यवस्थेची तो टवाळी करी, तिनेंच त्याला संशयाचा फायदा दिला.

पुढें १९८८ सालीं मात्र तो सांपडला. केंटकींत एका सभासदाचा खून झाला होता. त्याच्या सुडासाठीं प्रतिस्पर्धी टोळीचा अड्डा उडविण्याच्या कटांत, संघांतल्याच एका खबऱ्याच्या पुराव्यावर, त्याला शिक्षा झाली. तोंवर कर्करोगानें त्याचा कंठ काढावा लागला होता. गळ्यावरील छिद्रावर बोट दाबून तो बोले. याच आवाजांत त्यानें पुढें व्याख्यानें दिलीं, पुस्तकें खपविलीं, आणि दूरचित्रवाणीच्या एका मालिकेंत कामही केलें.

२९ जून २०२२ रोजीं, वयाच्या ८३ व्या वर्षीं, लिव्हरमोर येथें तो वारला. ऑल्टामाँट तेथून फार दूर नाहीं. सप्टेंबरांत स्टॉकटनच्या शर्यतीच्या मैदानावर त्याला निरोप देण्यास हजारों स्वार जमले होते.