घाटावरचा कायदा आणि घाटाखालचे कर्ज

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. १६७० साली कोंढाणा घेताना त्यांना वीरमरण आले. उमरठला त्यांची समाधी आहे. पराक्रमाचा हा इतिहास आपण मुलांना आवर्जून सांगतो. याच डोंगरी मुलखाचा दुसरा एक इतिहास मात्र कर्जखतांच्या कागदांत पडून आहे. त्याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा आमचा मानस आहे; कारण कर्जबाजारी माणसाला कायद्याने कसे वागवावे, हा प्रश्न आपल्याही घराघरांतला आहे.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वर, म्हणजे सातारा जिल्हा लागतो. एकोणिसाव्या शतकात या घाटाच्या दोन्ही अंगांचा शेतकरी सावकाराच्या वहीत सारखाच अडकलेला होता. वही सावकाराची, हिशेब त्याचाच आणि अंगठा तेवढा कुळाचा, अशी स्थिती होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांच्या सहनशक्तीचा अंत झाला. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावात लोकांचा रोख मुख्यतः खतांवर आणि वह्यांवर होता. कागद हाती लागले, की ते जाळले जात.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्मास आला. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो अंमलात आला. परंतु त्याचा मुख्य भाग पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. इलाख्यातील इतर जिल्ह्यांना त्याचा लाभ १९०५ मध्ये मिळाला. महाड आणि पोलादपूर तेव्हा कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासूनचा रायगड) मोडत. म्हणजे घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याला जे संरक्षण मिळाले, त्याची वाट घाटाखालच्या उमरठकराला सव्वीस वर्षे पाहावी लागली.

या कायद्याने न्यायाधीशावर कर्जाचा मुळापासून हिशेब तपासण्याचे बंधन घातले. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे आणि व्याजावर व्याज नाही, अशी रीत घालून दिली. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले. पन्नास रुपये वा त्याहून अधिक देणे असलेल्या शेतकऱ्याला दिवाणी न्यायाधीशाकडे जाऊन स्वतःला नादार ठरवून घेण्याची वाट मोकळी करून दिली.

आमच्या मते त्याहून महत्त्वाच्या दोन तरतुदी होत्या. पहिली समेटाची. सरकारने नेमलेल्या मध्यस्थापुढे दोन्ही पक्षांनी आधी बसावे, तडजोड होते का ते पाहावे आणि ती न झाल्यास त्याचा दाखला घेऊनच कोर्टाची पायरी चढावी, असा नियम होता. दुसरी तरतूद कागदाची. खत गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहावे. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावे. अक्षरशत्रू माणसाला आपले देणे किती, हे कळावे, हा त्यामागील हेतू होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते.

याच कल्पनेला सव्वाशे वर्षांनी अमेरिकेत नवे रूप मिळाले. तेथील २००५ च्या कायद्यानुसार दिवाळखोरीचा अर्ज करण्यापूर्वीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जविषयक सल्ला घ्यावा लागतो आणि कर्जमुक्तीपूर्वी पैशाच्या व्यवहाराचा एक पाठही पूर्ण करावा लागतो. समेटाचा जुना दाखला आणि सल्ल्याचा नवा दाखला यांत आम्हांला नात्याचा धागा दिसतो. दोहोंपुढे धोकाही एकच आहे. सल्ला मनापासून दिला-घेतला नाही, तर उरतो तो केवळ शिक्क्याचा कागद.

आपल्याकडे १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात अशा शिक्षणाची अट नव्हती. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत अत्यल्प उत्पन्नाच्या ऋणकोला नव्याने सुरुवात करता यावी म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि पात्र कर्ज ३५,००० पर्यंत, अशा त्याच्या मर्यादा आहेत. परंतु २०१९ मध्ये व्यक्तींविषयीचा भाग अंमलात आला, तो कंपन्यांच्या व्यक्तिगत जामीनदारांपुरताच.

सल्ल्याचे काम मात्र दुसऱ्या वाटेने आले. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आर्थिक साक्षरता व कर्जसल्ला केंद्रांची योजना बँकांपुढे ठेवली. सल्ला विनामूल्य असावा, असे तीत म्हटले होते. याच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला, ही गोष्ट या मुलखाला भूषणावह आहे. त्यांच्यानंतर, १९५१-५२ मध्ये, बँकेने केलेल्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी जवळजवळ ७० टक्के सावकारांचे आणि सहकारी संस्थांचे अवघे ३ टक्के, असे चित्र दिसले होते.

आपल्या समाजाने हा धडा लवकर गिरवला होता. १९१८ मध्ये वसईत स्थापन झालेली कॅथॉलिक पतसंस्था पुढे बँक म्हणून नावारूपास आली. शेजाऱ्याला शेजाऱ्याची पत ठाऊक असते, हे सहकाराचे मोठे बळ होय.

२०२१ च्या जुलैत महाड-पोलादपुरात पूर आला, दरडी कोसळल्या. अशा वेळी उभे राहण्यासाठी माणूस मिळेल तेथून पैसा उचलतो. आजारपण, लग्नकार्य, मुलांचे शिक्षण यांतही तेच घडते. मग हप्ता चुकतो आणि लाजेपोटी ही गोष्ट घरच्यांपासूनही लपवली जाते. त्या मौनात व्याज वाढत राहते. म्हणून वाचकांना आमची विनंती आहे: सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा, प्रत्येक पावती जपावी आणि पहिला हप्ता चुकताच जाणत्याचा सल्ला घ्यावा. १८७९ च्या कायद्याने निरक्षर शेतकऱ्याला देऊ केलेला हिशेब मागून घेण्यात साक्षर घरांनी तरी संकोच का बाळगावा?