तळाशी नाव कुणाचं?

आमच्या घरात एक जुनी रेहल आहे. रेहल म्हणजे कुराण ठेवून वाचण्यासाठीची लाकडी घडी. तिला खिळा नाही, बिजागरी नाही, सरस नाही. सुतार एकच फळी घेऊन दोन्ही बाजूंनी चिरत आणतो आणि मधला सांधा त्याच लाकडात कोरून काढतो. मिटली की सपाट फळी, उघडली की ग्रंथाची बैठक. आमची रेहल फणसाच्या लाकडाची, आजोबांच्या वेळची. कुणी केली म्हणून अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, "मेस्तान करून दिल्यान." तो हिंदू होता, एवढं तिला आठवतं. नाव नाही.

हा प्रश्न मी तिला विचारला, तो अठराव्या शतकातल्या फ्रेंच लेखनमेजांविषयी वाचताना. लुई पंधराव्याच्या काळात पॅरिसमध्ये फर्निचरची जी शैली बहरली तिला रोकोको म्हणतात. वळणदार पाय, शिंपल्यांची आणि वेलींची नक्षी, कोपऱ्यांवर सोनेरी मुलाम्याचं पितळकाम. आज अशा एका मेजाची किंमत ठरते ती बरीचशी एका प्रश्नावर: हे कुणी केलं?

त्या प्रश्नाला उत्तर मिळू शकतं, कारण पॅरिसच्या सुतारांची एक संघटना होती आणि तिचे नियम कडक होते. 1743 मध्ये तयार झालेल्या आणि 1751 मध्ये अधिकृत नोंद झालेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक उस्ताद सुताराला आपल्या नावाचा लोखंडी ठसा वस्तूवर मारावा लागे. ठसा दर्शनी भागावर नसे. तो मेजाखाली किंवा मागच्या बाजूला, सहज न दिसेल अशा जागी असे. तपासनीस पाहणी करून संघटनेची 'जे. एम. ई.' ही खूण शेजारी उठवत. हेतू कलावंताचा गौरव हा नव्हता. खराब माल निघाला तर जबाबदार कोण, हे कळावं म्हणून ही व्यवस्था. राजाच्या आश्रयाखाली किंवा सवलतीच्या वस्त्यांत काम करणाऱ्यांना हा नियम लागू नव्हता. त्यामुळे कित्येक उत्तम वस्तूंवर ठसाच नाही, आणि अभ्यासकांना अमक्याचं काम 'असावं' एवढंच म्हणावं लागतं.

कधी ठसा असूनही माणूस सापडत नाही. त्या काळातल्या काही अत्यंत सुंदर मेजांवर 'बी. व्ही. आर. बी.' एवढीच अक्षरं आहेत. ती कुणाची, हे दीर्घकाळ कोडं होतं. 1957 मध्ये झां-प्येर बारोली या अभ्यासकाने ते सोडवलं. अक्षरं होती बेर्नार व्हान रिझनबर्गची. त्याचे वडील हॉलंडकडून पॅरिसला आलेले सुतार. बेर्नारचं काम बहुतेक बड्या व्यापाऱ्यांमार्फत राजवाड्यांत जाई. 1737 मध्ये फ्रान्सच्या राणीसाठी जपानी लाखेच्या फळ्या बसवलेलं एक खणांचं कपाट फाँतेनब्लोच्या राजवाड्यात पोहोचवलं गेलं, ते त्याच्याच हातचं. पोहोचवलं मात्र व्यापाऱ्याने.

याउलटही घडतं. लुई पंधराव्यासाठी केलेल्या व्हर्सायच्या प्रसिद्ध मेजावर सही आहे रिझनरची, साल 1769. पण ते मेज 1760 मध्ये सुरू केलं होतं ओबेनने. ओबेन 1763 मध्ये वारला. त्याच्या कारखान्यातल्या रिझनरने पुढे त्याच्या विधवेशी लग्न केलं, मेज पूर्ण केलं आणि आपलं नाव घातलं. म्हणजे सहीसुद्धा पूर्ण सत्य सांगतेच असं नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. लाखेचं काम युरोपला पूर्वेकडूनच माहीत झालं. पीरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी 1608 ते 1610 या काळात गोव्यात होता. चौलला सुंदर पेट्या, कपाटं आणि रंगीत लाखेचे पलंग होतात, असं त्याने नोंदवलं आहे. जपानी लाख झाडाच्या चिकाची, आपली लाख किड्याने तयार केलेली. वस्तू वेगळ्या, पण युरोपने दोन्हींना नाव दिलं ते आपल्या लाखेवरून. संस्कृत लाक्षा, फारसी लाक, पोर्तुगीज लाका आणि पुढे इंग्रजी लॅकर. शब्दावर आपला ठसा राहिला. चौलच्या पेट्या करणाऱ्यांपैकी कुणाचं नाव मात्र आपल्याला सांगता येत नाही. प्रवाशांनी माल लिहिला, माणूस लिहिला नाही.

सावंतवाडीत हेच दिसतं. इथल्या लाखकामाची आणि गंजिफांची ख्याती मोठी. कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड चढवायची, घोटायचं, गोल पानं कापायची, दशावतार रंगवायचे आणि वर लाख द्यायची. दहा अवतारांची मिळून 120 पानं. जुन्या संचांवर करणाऱ्याचं नाव सहसा नसतं. चितारी म्हटलं की झालं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही कला संपत आली होती. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात काम पुन्हा सुरू केलं. म्हणून ते एक नाव आज आपल्याला माहीत आहे. त्यांच्या आधीच्या पिढ्या जातीच्या नावाखाली झाकल्या गेल्या.

मला वाटतं, फरक हुनराचा नाही, नोंदीचा आहे. पॅरिसमध्ये ठसे होते, व्यापाऱ्यांच्या वह्या होत्या, मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंच्या याद्या होत होत्या. दोनशे वर्षांनी त्यातून माणूस शोधता आला. आपल्याकडे कारागिराची ओळख गावाच्या तोंडी राहिली आणि ती तोंडं मिटली की ओळखही गेली. गंमत म्हणजे पॅरिसचा उस्ताद सुतार 'मेत्र' आणि आपला मेस्त्री हे मुळात एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. आपल्याकडे तो शब्द पोर्तुगीजांच्या 'मेस्त्र'मधून आला. तिकडे मेत्रच्या पुढे नाव लिहायची सक्ती होती. इकडे नुसता मेस्त पुरला.

आमच्या रेहलसाठी लाकूड चिरणाऱ्या त्या माणसाला अरबी वाचता येत नसणार. तरीही ग्रंथ कोणत्या उंचीवर, किती कलत्या बाजूंवर नीट राहील हे त्याला नेमकं कळलं होतं. आमच्या तीन पिढ्या त्या रेहलवर अलिफ-बे शिकल्या. त्याच्या उपकाराची फेड नाव विसरून केली, याची मला लाज वाटते.

यंदा मी वर्गातल्या मुलांना एक काम दिलं आहे. घरातली एक जुनी वस्तू निवडायची. पाट, पाळणा, पेटी, होडीचं वल्हं, काहीही. ती कुणी केली हे घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारायचं आणि नाव वहीत लिहायचं, मराठीत आणि उर्दूतही. वाचकांनीही हे करून बघावं, आणि लवकर करावं. मी अम्मीला विचारलं तेव्हा उशीर झाला होता. रेहल उलटी करून पाहिली. खाली फक्त रंध्याचे ओरखडे आहेत.